थकलेलं लोखंड, थकलेलं हाड

आमच्या घरी हॉलमधल्या शोकेसमध्ये, भावाने जिंकलेल्या फुटबॉलच्या दोन कपांच्या मधोमध, लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला आहे. मनगटाएवढा जाड, वीतभर लांब. पाहुणे विचारतात, हे काय? डॅडी उद्यमबागमध्ये टर्नर आहेत. गेली सव्वीस वर्षं लेथवर उभे आहेत. एकदा दुरुस्तीला आलेल्या मशीनचा मोडका शाफ्ट त्यांनी भंगारात टाकायच्या ऐवजी घरी आणला आणि मम्मीचा विरोध पत्करून शोकेसमध्ये ठेवला. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. आम्हा साहित्याच्या विद्यार्थ्यांना लोखंडात काय रस असणार!

मग यंदा पावसाळ्यात भावाचा पाय गेला आणि त्या तुकड्याकडे मी नीट पाहिलं.

भाऊ माझ्याहून लहान. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यामुळे इथल्या निम्म्या पोरांचं स्वप्न एकच असतं, तसंच त्याचंही. पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर. भरतीत सोळाशे मीटरची दौड असते, ती वेळेत काढायची. भरती सहा आठवड्यांवर आली तेव्हा त्याने रोजचे चार किलोमीटर एकदम आठ केले. चौथ्या आठवड्यात नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं. दुखणं इतकं नेमकं, की अंगठ्याने झाकता येईल एवढ्याच जागेवर. एक्स-रे काढला तर स्वच्छ. "काहीच नाही म्हणतात," असं सांगून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर. जिना उतरताना तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचा, ते मी पाहत होते. "मम्मीला सांगू नकोस, भरती झाली की बघू," असं त्याने मला बजावलं होतं. मी सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी, भरतीच्या आठ दिवस आधी, तो ग्राउंडवरच खाली बसला. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडात आडवी रेघ दिसली. डॉक्टर म्हणाले, "स्ट्रेस फ्रॅक्चर. हाड थकलंय."

हाड थकलंय! हा शब्द डोक्यातून जाईना. घरी येऊन डॅडींना सांगितलं, तर ते शोकेसकडे गेले, तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे पण थकूनच मोडलंय की. काय बघालीस, तोंड बघ त्याचं."

तोंड म्हणजे मोडलेली बाजू. तिथे दोन भाग स्पष्ट दिसतात. बराचसा भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर एका कडेपासून सुरू होऊन आत पसरत गेलेल्या कमानदार रेषा. आजोळी गोव्याला गेलं की ओहोटीनंतर वाळूवर पाण्याच्या रेघा राहिलेल्या दिसतात, हुबेहूब तशा. इंजिनिअर लोक त्यांना बीच मार्क्सच म्हणतात. उरलेला भाग खडबडीत, दाणेदार, चकाकणारा. डॅडींनी समजावलं ते असं. खडबडीत भाग एका क्षणात तुटला. गुळगुळीत भाग मात्र कित्येक महिने तुटत होता. मशीन चालू असताना, माल निघत असताना, कोणाला काहीही कळत नसताना.

इथून पुढचं मी वाचून, डॅडींना छळून आणि भावाच्या डॉक्टरांना जरा जास्तच प्रश्न विचारून गोळा केलेलं आहे.

मोडणं आपल्याला एक घटना वाटते. फार वजन टाकलं आणि मोडलं. पण थकून मोडण्यात वजन फार नसतंच. शाफ्ट फिरतो तेव्हा पट्ट्याच्या ओढीने तो किंचित वाकलेला असतो. त्याची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते. अर्धा फेरा झाला की उलट. साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. आठ तासांची एक पाळी धरली तर दिवसाला जवळजवळ सात लाख फेरे, म्हणजे पंधरवड्यात एक कोटी. हेअरपिन एकदा वाकवली तर मोडत नाही, पण मागे-पुढे करत राहिलं की दहाव्या-बाराव्या वेळी हातात येते. शाफ्टचं वाकणं डोळ्यांना दिसणारही नाही इतकं बारीक असतं, म्हणून दहाच्या जागी लाखो फेरे लागतात. एवढाच फरक.

हे माणसाला कळायला रेल्वे यावी लागली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे गर्दीने भरलेली गाडी येत होती. मदोंजवळ पुढच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली. त्या काळी डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद करत. पन्नासहून अधिक माणसं गेली. त्यांत द्यूमाँ द्युर्व्हिल हा दर्यावर्दी बायको-मुलासकट होता. अंटार्क्टिकापर्यंत जाऊन सुखरूप परत आलेला माणूस! 'व्हीनस द मिलो' हा पुतळा फ्रान्सला मिळाला त्यातही त्याचा वाटा होता. असा माणूस घरापासून काही मैलांवर एका लोखंडी दांड्यामुळे गेला.

तेव्हाचे जाणकार म्हणत, सतत हादरे बसून लोखंडाचा पोत बदलतो. आधी ते तंतुमय असतं, मग स्फटिकासारखं होतं आणि तुटतं. मोडलेल्या तोंडावरचा दाणेदार भाग पाहून हा समज झाला असणार. स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने मोडलेले आस तपासून १८४३ मध्ये वेगळंच मांडलं. पोत वगैरे काही बदललेला नाही, आसाची जाडी जिथे एकदम कमी होते त्या कोपऱ्यातून भेग सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. तेव्हा कोपरा काटकोनात न ठेवता गोलसर ठेवा, असं त्याचं म्हणणं. रँकिन तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठा. (मी आत्तापर्यंत काय केलं, हा प्रश्न कृपया कोणी विचारू नये.)

हे वाचून मी डॅडींना विचारलं, तर ते हसले. "शोल्डरला रेडियस द्यायचा, हे आमच्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. कोपरा धारदार ठेवला की तिथनंच जाणार." आमच्या शोकेसमधल्या शाफ्टलाही पायरीपाशी रेडियस नाही. वाळूवरच्या त्या कमानदार रेषा मागे-मागे शोधत गेलं की बरोबर त्या कोपऱ्यावर पोचतात.

कोपऱ्यात असं काय असतं? शॅम्पूची पुडी घ्या. मधून ओढून पाहा, फाटत नाही. पण कडेला दातेरी खाच असते तिथून पकडली की सहज फाटते. सगळ्या पुडीवर पसरलेला ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो. खाच जितकी खोल आणि टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण जास्त. सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये याचं गणित मांडलं. आणि ए. ए. ग्रिफिथ या फार्नबरोच्या विमानसंस्थेतल्या तरुण इंजिनिअरने १९२१ मध्ये त्याच्यापुढचा प्रश्न विचारला. काच तिच्यातल्या अणूंच्या बंधांवरून काढलेल्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी ताणाला फुटते, असं का? त्याचं उत्तर: काचेवर आधीपासूनच डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. काचेचे अगदी बारीक धागे ओढून त्याने दाखवलं की धागा जितका बारीक तितका तो प्रमाणाने मजबूत, कारण बारीक धाग्यात मोठी चीर मावणारच नाही.

ग्रिफिथची दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. भेग पुढे जायची तर नवा पृष्ठभाग तयार व्हावा लागतो, त्याला ऊर्जा लागते. ही ऊर्जा ताणलेल्या वस्तूतच साठलेली असते, भेग वाढली की ती मोकळी होते. भेग लहान असताना खर्च जास्त, जमा कमी. म्हणून भेग जागच्या जागी राहते. पण एका ठरावीक लांबीनंतर जमा खर्चापेक्षा जास्त होते आणि मग भेग स्वतःच्याच जोरावर धावत सुटते. म्हणजे भेग असणं हे संकट नाहीच. ती किती लांब आहे, हा प्रश्न. आणि 'थकणं' म्हणजे बिनधोक लांबीपासून त्या ठरावीक लांबीपर्यंतचा संथ प्रवास. फेऱ्यागणिक केसाच्या हजाराव्या भागाएवढी पुढे सरकत जाणारी भेग.

या शब्दाबद्दल एक तक्रार इथेच नोंदवते. लोखंडाच्या बाबतीत 'फटीग' हा शब्द फ्रान्समध्ये पोंसले यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस वापरला आणि तो रुळला. आपण 'थकवा' म्हणतो. पण थकवा जातो. रात्रभर झोपलं, कपभर चहा घेतला की माणूस उठतो. लोखंडाला तुम्ही महिनाभर सुट्टी दिली तरी भेग आहे तिथेच राहते, आणि मशीन सुरू झालं की पहिल्या फेऱ्याला तिथूनच पुढे निघते. 'झीज' म्हणावं तर वजन कमी होत नाही. 'शीण' म्हणावं तर तोही उतरतो. 'दुखणं अंगावर काढणं' असा एक वाक्प्रचार आपल्याकडे आहे, तोच खरा जवळचा. पण त्याचा पारिभाषिक शब्द कसा करणार?

लोखंड किती फेरे सोसेल, हे पद्धतशीरपणे मोजलं प्रशियातल्या आउगुस्ट व्योलर यांनी. रेल्वेत नोकरी, आणि १८५० च्या दशकापासून १८७० पर्यंत हाच उद्योग: आसाचे नमुने यंत्रात लावायचे, वाकवत-वाकवत फिरवायचे, मोडेपर्यंत फेरे मोजायचे. वजन कमी केलं की आयुष्य वाढतं, हे अपेक्षितच होतं. पण पोलादाच्या बाबतीत त्यांना एक मर्यादा सापडली. तिच्याखाली वजन ठेवलं तर नमुना मोडायचं नावच घेत नाही. ॲल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. वजन कितीही कमी ठेवा, फेरे पुरेसे झाले की ते कधीतरी मोडणारच. आणि विमानं ॲल्युमिनियमची असतात.

१९५४ मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमानं समुद्रावर तुटून पडली. १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ, ८ एप्रिलला नेपल्सच्या परिसरात. जेट उंचावरून उडतं, आतली हवा प्रवाशांसाठी दाबाने भरलेली असते, म्हणून प्रत्येक उड्डाणाला विमानाचं अंग फुग्यासारखं थोडं फुगतं आणि उतरल्यावर पूर्ववत होतं. पहिलं विमान १२९० उड्डाणांनंतर गेलं, दुसरं ९०० नंतर. फार्नबरोला एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आत पाणी भरून, दाब वाढवून-कमी करून पुन्हा पुन्हा 'उडवलं'. पाणीच का? तर हवा भरली असती आणि अंग फाटलं असतं तर बॉम्बसारखा स्फोट झाला असता, सगळा पुरावा उधळला असता. पाणी दबत नाही, त्यामुळे फाटलं तरी जागच्या जागी राहतं. आधीची खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून ३०५७ व्या फेऱ्याला अंग फाटलं, ते एका चौकटीच्या कोपऱ्यापाशी. एल्बाच्या विमानाचा समुद्रातून काढलेला तुकडा पाहिला तर तिथली भेग छतावरच्या अँटेनाच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली. 'चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडलं' असं आता सगळीकडे सांगतात, ते थोडं सोपं करून सांगणं आहे. पण कोपरा मात्र खराच. एकशेअकरा वर्षांपूर्वी रँकिन जे सांगत होता तेच.

कॉमेटनंतर भेगेचं गणित झपाट्याने पुढे गेलं. अमेरिकेत जॉर्ज अर्विन यांनी भेगेच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे हे एका आकड्यात बसवलं. त्याच्या आधारे पॉल पॅरिस यांनी दाखवलं की प्रत्येक फेऱ्याला भेग किती वाढेल ते या तीव्रतेच्या चढउतारावर ठरतं, आणि तेही सरळ प्रमाणात नाही, घातांकाने. धातूंसाठी हा घातांक साधारण दोन ते चारच्या दरम्यान असतो. चार धरला तर भार दुप्पट केल्यावर भेग वाढायचा वेग सोळापट होतो! हा लेख मोठमोठ्या नियतकालिकांनी नाकारला. शेवटी १९६१ मध्ये तो वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वतःच्या एका नियतकालिकात छापून आला. आज जगभर विमानं किती उड्डाणांनंतर तपासायची, ते त्याच पायावर ठरतं. आपल्या मंडळाच्या ई-अंकाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

गणितात धोका मावतो, पण भेग कोणीतरी बघावी लागते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या पुढच्या भागाचं छत उडून गेलं. एकोणीस वर्षांचं विमान, बेटाबेटांमधल्या छोट्या-छोट्या फेऱ्या, ८९,६८० उड्डाणं. समुद्राची खारी, दमट हवा. पत्र्यांचे जोड सुटले आणि रिव्हेटच्या ओळीतल्या भोकाभोकातून निघालेल्या बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी ते उघडं विमान उतरवलं, बाकी सगळे वाचले. नंतर चौकशीत एका प्रवासी बाईने सांगितलं की विमानात चढताना तिला दाराजवळ पत्र्यावर भेग दिसली होती. ती कोणाला बोलली नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जिना आणि कठडा आठवत राहिला.

आता हाड. हाडाबद्दल माझी कल्पना खडूसारखी होती, घट्ट आणि निर्जीव. प्रत्यक्षात खडूसारखा कडक क्षार आणि कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन यांची ती अतिशय बारीक वीण आहे. नुसता क्षार असता तर काचेसारखं फुटलं असतं, नुसतं कोलॅजन असतं तर पाय दोरीसारखे लोंबले असते. आणि हाडातही भेगा असतात. हॅरॉल्ड फ्रॉस्ट या डॉक्टरांनी १९६० मध्ये माणसाच्या बरगड्यांना फुक्सिन नावाच्या रंगात बुडवून दाखवलं की जिवंतपणीच त्यांत सूक्ष्म भेगा पडलेल्या असतात. तुमच्या, माझ्या, आत्ता हे वाचताना खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाच्या हाडांत त्या आहेत. चालताना पडतात, जिना चढताना पडतात.

मग आपण मोडत का नाही? एक तर भेगेला सरळ वाट मिळत नाही. पायाच्या लांब हाडात उभ्या नळ्या जुडीसारख्या बांधलेल्या असतात आणि प्रत्येक नळीभोवती एक पातळ, कच्चा थर असतो. आडवी निघालेली भेग या थरापाशी आली की वळते, थरासोबत वर-खाली जाते, तिचा जोर संपतो. कच्चा सांधाच इथे राखण करतो. डॅडींच्या धंद्यातही हीच युक्ती आहे. बिडाच्या कास्टिंगला भेग गेली तर भेगेच्या टोकाला आधी ड्रिलने भोक पाडतात, मग दुरुस्ती. फुटत चाललेल्या वस्तूला आणखी भोक! पण अणकुचीदार टोक गोल झालं की ताण पांगतो आणि भेग थांबते.

आजोळच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या आहेत. गोव्यात काच महाग आणि दुर्मिळ होती त्या काळातल्या. लहानपणी मी त्यांवर खडे मारायचे आणि आजीचा मार खायचे. शिंपला फुटायचा नाही, मध्ये फक्त एक पांढरा ठिपका पडायचा. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी याच जातीच्या शिंपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा शिंपला ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे ठिसूळ खनिज. पण ते अतिशय पातळ थरांत रचलेलं, मध्ये जैविक द्रव्याचे नाममात्र पापुद्रे. टोचल्यावर थरांतले स्फटिक आरशातल्या प्रतिमेसारखे कलतात आणि सगळी ऊर्जा त्या ठिपक्याभोवतीच खर्ची पडते. भेग लांब जात नाही, उजेड येत राहतो. माझ्या खड्यांचे ठिपके त्या खिडकीवर अजून आहेत.

पण हाडाकडे आणखी एक गोष्ट आहे, जी शाफ्टकडे नाही आणि तोडलेल्या शिंपल्याकडेही नाही. हाड जिवंत आहे. हाडात आत गाडून बसलेल्या पेशी असतात आणि बारीक नळ्यांतून हात लांबवून त्यांनी एकमेकींना धरलेलं असतं. भेग त्या नळ्यांना छेदून जाते तेव्हा हे हात कात्रीने कापावेत तसे कापले जातात, असं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे डेव्हिड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. तीच बहुधा खबर. मग हाड पोखरणाऱ्या पेशी येतात, भेगेचा भाग खणून काढतात, आणि त्यांच्यामागून हाड बांधणाऱ्या पेशी तो बोगदा नव्या हाडाने भरत येतात. मोठ्या माणसाचं साधारण दहा टक्के हाड दरवर्षी असं बदललं जातं. याच मंडळींनी २००७ मध्ये एक लेख लिहिला, त्याच्या शीर्षकाचा अर्थ 'भेगांसोबत जगणं' असा होतो. शास्त्रज्ञांना शीर्षकं सुचत नाहीत असं कोण म्हणतं?

टेलर यांच्या गटाने टोळांवरही प्रयोग केले. टोळाचा पाय म्हणजे बाहेरून कवच, आत पोकळ. त्याला पातळ चीर दिली तर बाहेरची चीर बुजत नाही. टोळ आतल्या बाजूने कवचाचा नवा थर लावतो, फाटक्या कपड्याला आतून ठिगळ लावावं तसा, आणि पायाची जवळपास दोन-तृतीयांश ताकद परत येते.

आता माझ्या भावाची चूक कुठे झाली ते सांगते. मला हे डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा मारून दाखवलं. पोखरण्याचं काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भरण्याच्या कामाला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे एकदम पळणं वाढवलं की शरीर दुरुस्ती काढतं आणि पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं होतं, सगळीकडे रस्ता खणून ठेवलाय आणि डांबर यायचंय, तसं. नेमकं त्याच वेळी भावाचे आठ किलोमीटर चालू होते. पळताना एका पायाचं पाऊल साधारण दोन मीटरला एकदा पडतं. आठ किलोमीटरला एकेका पायावर चार हजार धक्के, महिन्याला लाखभर. पाव शाफ्टचं पण आयुष्य नाही हे, पण शाफ्टला कोणी आतून खणत नसतं. चौथ्या आठवड्यात दुखायला लागलं ते उगीच नव्हे. एक्स-रे स्वच्छ आला त्यातही नवल नाही. अशा भेगा सुरुवातीला एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाहीत, दिसतं ते दोन-तीन आठवड्यांनी, दुरुस्ती सुरू झाल्यावर. यासाठी एमआरआय लागतो.

सैन्याला हे दुखणं नवं नाही. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांची नोंद केली होती. एक्स-रेचा शोध लागायला चाळीस वर्षं होती, त्यामुळे ते हाड मोडलंय हे त्यांना दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे व्योलर आस मोजत होते त्याच सुमाराला, त्याच देशात, दुसरा माणूस पावलं तपासत होता. इस्रायलच्या सैन्यातल्या २९५ नव्या रंगरुटांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ३१ टक्क्यांना प्रशिक्षणादरम्यान असं फ्रॅक्चर झालं. आमच्या ग्राउंडवरची पोरं याला 'नडगी भरणं' म्हणतात आणि बाम लावून पळतात. नडगी भरते हेही खरं, पण ते दुखणं लांबसडक पसरलेलं असतं. एका बोटाखाली सापडणारं, दाबलं की कळ येणारं, रात्री स्वस्थ पडल्यावरही ठसठसणारं दुखणं वेगळं. तिथे थांबायचंच.

जाता जाता आजीबद्दल. तिला हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एक गोळी आहे. या जातीच्या गोळ्या पोखरणाऱ्या पेशींना आवर घालतात, त्यामुळे हाड टिकतं आणि खुब्याची, मणक्याची फ्रॅक्चर टळतात. पण वर्षानुवर्षं पोखरणंच थांबलं तर जुन्या भेगाही साफ होत नाहीत. फार थोड्या रुग्णांना मांडीचं हाड किरकोळ कारणाने आडवं मोडतं, त्याआधी कित्येकदा मांडी किंवा जांघ आठवडेच्या आठवडे दुखत असते. म्हणून डॉक्टर काही वर्षांनी या गोळ्यांना सुट्टी द्यायची का, ते बघतात. हे वाचून कोणी आपल्या आजीच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, फायदा धोक्यापेक्षा खूप मोठा आहे. मी आमच्या आजीला फक्त एवढंच विचारते, मांडी दुखते का? ती म्हणते, "दुखली तर सांगीन गो बाय, रोज काय विचारतेस?"

भावाची भरती हुकली. वयाच्या अटीत बसणारी ती त्याची शेवटची संधी होती. पहिले पंधरा दिवस तो कोणाशी बोलला नाही, माझ्याशी तर नाहीच. मी सांगितलं नाही म्हणून नव्हे, शेवटी मीच डॉक्टरांसमोर सगळं सांगून टाकलं म्हणून. तीन आठवडे कुबड्या झाल्या, मग बूट घालून चालणं. आता अकरावा आठवडा आहे. गेल्या रविवारी मिस्साहून आल्यावर तो शोकेसपाशी उभा राहून शाफ्टचा तुकडा हातात घेऊन बघत होता. मी बीच मार्क्स दाखवले. कोपरा दाखवला.

मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि म्हणाला, "हात लाव." नडगीच्या आतल्या कडेला चिंचोक्याएवढा टणक उंचवटा लागतो. नवं हाड. दाबलं तरी दुखत नाही म्हणतो. डॉक्टरांच्या मते तो हळूहळू घासून निघेल, वर्षभरात हाताला लागणारही नाही. सध्या त्याला सकाळी दोन किलोमीटर चालायची परवानगी आहे, आणि मी सोबत जाते.